कासराभर दिवस आणि तासभर पुढचे घड्याळ

१ सप्टेंबर १९४२ रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तासाने पुढे नेण्यात आली. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, म्हणजे सलग तीन वर्षे दीड महिना, ती तशीच राहिली. एरवी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी घड्याळे या काळात साडेसहा तास पुढे चालली. दुसऱ्या महायुद्धामुळे आलेल्या या वेळेला ‘युद्धकालीन वेळ’ किंवा ‘वॉर टाइम’ म्हणतात. घड्याळाचे काटे पुढे करून संध्याकाळचा उजेड वाढवण्याच्या पद्धतीला जगभर ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’ हे नाव आहे. भारतात ती पद्धत साऱ्या देशाला लागू झाली ती या काळात.

युद्ध संपले, काटे मागे आले आणि ती वेळ विस्मरणात गेली. ती नेमकी काय होती आणि तिने कोणाला काय दिले, हे समजायला नांदेड आणि लातूर ही दोन गावे फार उपयोगी आहेत. ती प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहेत, उष्ण कटिबंधात आहेत, आणि युद्धाच्या काळात तिथल्या बहुतेक लोकांचा दिवस घड्याळावर नव्हे, तर सूर्यावर चालत होता.

सूर्याची वेळ

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. एखादे गाव दुसऱ्या गावाच्या एक अंश पूर्वेला असेल, तर तिथे सूर्य ४ मिनिटे आधी माथ्यावर येतो. नांदेड सुमारे ७७ अंश १८ कला पूर्व रेखांशावर आहे, लातूर सुमारे ७६ अंश ३४ कलांवर. दोहोंत पाऊण अंशाहून थोडे कमी अंतर आहे. त्यामुळे गोदाकाठच्या नांदेडला मध्यान्ह होते, त्यानंतर तीन मिनिटांनी ती लातूरला होते. सूर्याच्या हिशेबाने प्रत्येक गावाची वेळ त्याची स्वतःची असते आणि शेजारच्या गावाच्या वेळेशी ती तंतोतंत जुळत नाही.

घड्याळे येण्यापूर्वी या फरकाने कोणाचे अडत नव्हते. दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. अहोरात्राचे आठ प्रहर किंवा साठ घटका. एक घटका २४ मिनिटांची, तिची साठ पळे, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडायची आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असे धरायचे. हे घटिकापात्र लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी अनेक ठिकाणी अलीकडेपर्यंत वापरले जात होते. शेतकऱ्याला तेवढ्या काटेकोरपणाचीही गरज नसे. झुंजुमुंजु झाले, कोंबडा आरवला, दिवस कासराभर वर आला, उन्हे कलली, गुरे घरी आली, दिवेलागण झाली, एवढ्या शब्दांत त्याचा दिवस मावत असे. ‘कासराभर दिवस’ म्हणजे बैलाच्या कासऱ्याच्या लांबीएवढा सूर्य क्षितिजावर चढलेला दिसतो ती वेळ. औत जुंपायची, न्याहारी बांधून घ्यायची वेळ यावरून ठरे. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्यातही दिवसाचा आरंभ सूर्योदयाच्या कितीतरी आधी, अमृतवेळेला होतो आणि सेवेसाठी गोदावरीचे पाणी गागरीतून आणले जाते. या साऱ्या वेळा आकाशाशी बांधलेल्या आहेत. घड्याळ पुढे गेले किंवा मागे आले, तरी त्या जागच्या हलत नाहीत.

रेल्वेने आणलेले एक घड्याळ

गावोगावच्या वेळा एकमेकींशी जुळवण्याची गरज पहिल्यांदा भासली ती रेल्वे आणि तारेमुळे. प्रत्येक स्थानक आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावू लागले, तर वेळापत्रक छापताच येणार नाही आणि एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येण्याचा धोका वाढेल. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील मोठ्या शहरांच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, मद्रासची सुमारे ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळपास मध्ये पडत होती आणि तिथे जुनी वेधशाळाही होती. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली.

पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद संस्थानात मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग झाला. औरंगाबाद, जालना, परभणी आणि नांदेड त्यावर आले. लातूरला गाडी आली ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी नॅरोगेज. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत वाढवण्यात आली. लातूरच्या बाजारपेठेतला माल या छोट्या गाडीने कुर्डुवाडीच्या मोठ्या लाइनपर्यंत पोचू लागला. मनमाड आणि कुर्डुवाडी या दोन जंक्शनांनी मराठवाडा बाहेरच्या जगाशी जोडला गेला आणि जंक्शन गाठायचे तर घड्याळ तिथल्या घड्याळाशी जुळलेलेच हवे. गावाच्या वेळेखेरीज दुसरी एखादी वेळ असते, हे अनेकांना पहिल्यांदा स्थानकावर कळले.

दरम्यान ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानण्याचा ठराव झाला. त्यानुसार हिंदुस्थान सरकारने ८२ अंश ३० कला पूर्व हे रेखावृत्त निवडले. ते मिर्झापूरजवळून जाते आणि ग्रिनिचपासून नेमक्या साडेपाच तासांवर येते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली.

हा बदल सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केला नाही. मुंबईत १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामाला मद्रासची वेळ लावण्याचा प्रयत्न केला होता आणि विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला होता. १९०६ मध्ये तर घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे जाणार होते. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली आणि हजारो नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. पहाटे अंधारात गिरणीत यावे लागेल, ही कामगारांची भीती हिशेबाने खरी होती. मुंबई महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ दीर्घकाळ सांभाळला. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये तो कायमचा संपला, तर कलकत्त्याची वेगळी वेळ १९४८ पर्यंत टिकली.

प्रमाणवेळ आणि मराठवाडा

प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून नांदेड सुमारे ५.२ अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे नांदेडचा सूर्य घड्याळाच्या सरासरी २१ मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा नांदेडला मध्यान्ह व्हायला अजून २१ मिनिटे असतात. लातूरसाठी हा फरक सुमारे २४ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एका घटकेचा आहे. मुंबईसाठी तो ३९ मिनिटांचा.

हे आकडे वर्षभराच्या सरासरीचे आहेत. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष मध्यान्ह या सरासरीच्या मागेपुढे होत राहते. नांदेडला फेब्रुवारीच्या मध्याला ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ५ मिनिटांच्या आतच. अंगणात काठी रोवून तिची सावली कोणत्या क्षणी सर्वांत आखूड होते हे पाहिले, तर हा फरक घरबसल्या तपासता येतो.

लातूर आणि कोलकाता यांचे स्थान या हिशेबात लक्षणीय आहे. कोलकात्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २४ मिनिटे पुढे चालतो आणि लातूरचा तेवढाच मागे. दोन्ही शहरे प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या दोन बाजूंना जवळपास सारख्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यात सूर्याचे अंतर एका मुहूर्ताचे, ४७-४८ मिनिटांचे आहे. युद्धकाळात घड्याळ तासभर पुढे गेले, तेव्हा या दोन शहरांचा अनुभव वेगळा का झाला असेल, याचे उत्तर याच अंतरात आहे.

मराठवाड्याचा वेळेशी आणखी एक जुना संबंध आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखावृत्त उज्जयिनीवरून जाणारे धरले जाई. ते उज्जैनहून सरळ दक्षिणेला आणले, तर आजच्या बीड शहराच्या अगदी जवळून जाते. लातूर त्याच्या पूर्वेला एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे. भारतीय गणितज्ञांच्या शून्य रेषेशी मराठवाड्याचा सूर्य तीन-सहा मिनिटांत जुळत होता. ग्रिनिचवर आधारलेली नवी रेषा मिर्झापूरला गेली आणि त्याच प्रदेशाला एक घटका घड्याळामागे राहावे लागले. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्या पंचांगाचे मध्यस्थान ८२ अंश ३० कला रेखांश आणि उज्जैनचा २३ अंश ११ कला अक्षांश असे धरण्यात आले. जुन्या आणि नव्या परंपरेची सांगड त्यात दिसते.

उजेड वाचवण्याची कल्पना

घड्याळ पुढे नेण्याची कल्पना युद्धाआधीची आहे. न्यूझीलंडमधील कीटक अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे न्यावे असे सुचवले. कामावरून आल्यावर कीटक गोळा करायला त्यांना उजेड हवा होता. इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये याच विषयावर पुस्तिका काढून मोहीम चालवली. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी कल्पना प्रत्यक्षात आली. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी कोळसा वाचवण्यासाठी घड्याळे पुढे केली आणि तीन आठवड्यांनी ब्रिटननेही.

तिच्यामागचा हिशेब साधा आहे. माणूस दिवा लावतो तो अंधार पडल्यापासून झोपेपर्यंत. संध्याकाळी सव्वासहाला अंधार पडत असेल आणि लोक दहाला झोपत असतील, तर पावणेचार तास दिवे जळतात. घड्याळ तासभर पुढे केले की तोच अंधार सव्वासातला पडतो आणि दिवे पावणेतीन तासच जळतात. पहाटे लोक झोपेत असताना जो उजेड वाया जात होता, तो संध्याकाळच्या कामात येतो. मात्र यासाठी एक अट आहे. पहाटे खरोखरच जास्तीचा उजेड असायला हवा.

हिंदुस्थानातील युद्धकालीन वेळ

हिंदुस्थानात सुरुवात पूर्वेकडून झाली. १ ऑक्टोबर १९४१ पासून बंगालकडे घड्याळे एक तास पुढे करण्यात आली आणि १५ मे १९४२ पर्यंत तिथे ही वेळ चालली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले. युद्ध दारात आल्यावर किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेच्या शहरांत रात्री दिवे झाकण्याचे नियम कडक झाले. गिरण्या, गोद्या आणि कारखाने युद्धाच्या मालासाठी जास्त वेळ चालू लागले. कोळसा आणि वीज दोन्ही जपून वापरायची होती. संध्याकाळी अंधार पडण्याआधी कामगार घरी पोचले, तर दिवा लावायची गरज कमी आणि काळोख्या रस्त्यावरून जाण्याचा धोकाही कमी. या पार्श्वभूमीवर १ सप्टेंबर १९४२ पासून ही वेळ साऱ्या देशाला लागू झाली.

युरोपात घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे केले जाते. हिंदुस्थानात तसे झाले नाही. एकदा पुढे गेलेले काटे युद्ध संपेपर्यंत बाराही महिने पुढेच राहिले. अमेरिकेनेही ९ फेब्रुवारी १९४२ ते ३० सप्टेंबर १९४५ असा सलग ‘वॉर टाइम’ पाळला. त्या वर्षांत ब्रिटन हिवाळ्यातही ग्रिनिचच्या एक तास पुढे आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे होते. त्यामुळे हिवाळ्यात लंडन आणि हिंदुस्थान यांच्यातला फरक पूर्वीसारखा साडेपाच तासांचाच राहिला आणि उन्हाळ्यात तो साडेचार तासांवर आला.

साडेसहा तासांची ही वेळ ९७ अंश ३० कला रेखावृत्ताची आहे. ते ब्रह्मदेशातून जाते आणि तिथली प्रमाणवेळ हीच होती. म्हणजे युद्धाची तीन वर्षे नांदेडपासून कराचीपर्यंतची घड्याळे ब्रह्मदेशाच्या सूर्याप्रमाणे चालत होती. खुद्द ब्रह्मदेशात मात्र जपानच्या ताब्याच्या काळात टोकियोची, ग्रिनिचच्या नऊ तास पुढची वेळ लागू झाली होती.

नांदेड-लातूरच्या आकाशात

युद्धकालीन वेळेने सूर्य आणि घड्याळ यांत किती अंतर पडले, हे आजच्या वेळांत एक तास मिळवून सहज काढता येते. प्रमाणवेळेने २१ मिनिटे मागे असलेले नांदेड आता १ तास २१ मिनिटे मागे गेले. लातूरचा फरक १ तास २४ मिनिटे झाला आणि मुंबईचा १ तास ३९ मिनिटे. कलकत्त्याचा सूर्य आधीच घड्याळाच्या पुढे होता. त्यामुळे तिथे नवा फरक फक्त ३६-३७ मिनिटांचा पडला. एकच तास पूर्वेकडे हलका आणि पश्चिमेकडे जड झाला.

जानेवारीच्या मध्याला नांदेडला प्रमाणवेळेने सकाळी ६ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास सूर्य उगवतो आणि लातूरला सातला मिनिट कमी असताना. युद्धकालीन वेळेने लातूरचा हा सूर्योदय जवळजवळ आठ वाजता होतो. सकाळी सातची शाळा त्या घड्याळाने भरवली, तर ती सूर्योदयाच्या तासभर आधी, तांबडे फुटण्यापूर्वी भरते. जूनच्या उत्तरार्धात नांदेडला सूर्य प्रमाणवेळेने पावणेसहाला उगवतो आणि सातला मावळतो. युद्धकालीन वेळेने पावणेसातला उगवतो आणि आठला मावळतो. उन्हाळ्यात घड्याळाने संध्याकाळ लांबली खरी, पण मराठवाड्यातली उन्हाळ्याची दुपारही लांबली. घड्याळाने पाच वाजता सुटणारा माणूस प्रत्यक्षात चारच्या उन्हात बाहेर पडतो.

शेतकऱ्याच्या दिवसात यातले काही बदलत नाही. रब्बीची ज्वारी पेरायची ती ओल पाहून, कापूस वेचायचा तो दव उतरल्यावर, आणि बैल सोडायचे ते उन्ह पाहून. बदल होतो तो जिथे शेतकऱ्याची गाठ घड्याळाशी पडते तिथे. गाडीची वेळ, कचेरीची वेळ, बाजार समितीच्या लिलावाची वेळ अशा प्रत्येक ठिकाणी सूर्यावर चालणाऱ्या माणसाला तासभर आधी पोचावे लागते. लातूरच्या गंजगोलाईसारख्या पेठेत माल घेऊन येणारी गाडी घड्याळाप्रमाणे वेळेवर पोचायची तर गावातून अंधारात निघावी लागते. घड्याळे पुढे झाली, तेव्हा अनेक देशांत शेतकऱ्यांनी विरोध केला, त्याचे कारण हेच आहे. पहाटेचा वाया जाणारा उजेड हा शहरी माणसाचा हिशेब होता. शेतकरी तो उजेड पूर्वीपासूनच वापरत आला आहे.

उष्ण कटिबंधात फायदा कितपत

उजेड वाचवण्याची पद्धत युरोपात का जन्मली, हे दिवसाच्या लांबीवरून कळते. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही लहान. म्हणजे फरक जवळपास पावणेनऊ तासांचा. तिथे जूनमध्ये ग्रिनिच वेळेने पावणेचारला उजाडते, तेव्हा सारे शहर झोपेत असते. तो उजेड संध्याकाळकडे सरकवला तर खरोखर हाती काही लागते.

नांदेड सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. पहाटे शिल्लक पडलेला उजेड इथे जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात थोडा असतो, पण हिवाळ्यात संध्याकाळी वाचवलेला तास सकाळी दिवा लावून परत द्यावा लागतो. विषुववृत्ताजवळच्या बहुतेक देशांनी ही पद्धत स्वीकारली नाही, त्याचे कारण हेच.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी होती. कोलकात्याला जूनमध्ये प्रमाणवेळेने पाचच्या आधीच सूर्य उगवतो. तिथे पहाटेचा उजेड खरोखर वाया जातो आणि घड्याळ पुढे केल्याने तो वापरात येतो. बंगालने ही वेळ सर्वांच्या आधी स्वीकारली, यात हा भूगोलही दडलेला आहे. युद्धकालीन वेळ पूर्वेच्या गरजेला साजेशी होती. देशभर एकच घड्याळ हवे म्हणून ती पश्चिमेलाही लागू झाली.

युद्धानंतर

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती जाहीर केली आणि १५ ऑक्टोबरला घड्याळे पुन्हा साडेपाच तासांवर आली. काटे पुढे नेताना जो तास दिवसातून गळतो, तो मागे आणताना परत मिळतो. त्यामुळे १९४२ मधला तो दिवस तेवीस तासांचा आणि १९४५ मधला पंचवीस तासांचा ठरला.

शेजारच्या देशांनी नंतरही असे प्रयोग केले. वीजटंचाईमुळे श्रीलंकेने मे १९९६ मध्ये घड्याळे साडेपाचवरून साडेसहा तासांवर नेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहा तासांवर आणली आणि एप्रिल २००६ मध्ये ती पुन्हा साडेपाचवर आली. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करून पाहिले, बांगलादेशाने २००९ मध्ये. यांपैकी कोणत्याही देशात ही पद्धत रुजली नाही.

भारतात साडेसहा तासांची वेळ एका ठिकाणी अजूनही जिवंत आहे. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ चालतो. भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार २९ अंशांहून अधिक असल्याने दोन टोकांच्या सूर्योदयात सुमारे दोन तासांचे अंतर पडते. दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने देशाची प्रमाणवेळ सांभाळते. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबारसाठी साडेसहा तासांची वेगळी वेळ ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. तो अमलात आलेला नाही. पण युद्धकाळात देशभर लागू झालेली वेळ जिथल्या सूर्याला खरोखर जवळची आहे, तिथेच ती असावी, असे त्या प्रस्तावाचे सार आहे.

त्या तासाचा आजचा उपयोग

युद्धकालीन वेळेशी आज संबंध येतो तो मुख्यतः जुन्या नोंदी वाचताना. संगणक आणि मोबाइल यांच्यात जगातील वेळांचा जो इतिहास भरलेला असतो, त्यात भारताच्या नावापुढे १९४२ ते १९४५ हा साडेसहा तासांचा काळ नोंदलेला आहे. १९४३ मधल्या एखाद्या तारखेची वेळ ग्रिनिचमध्ये बदलायला सांगितली, तर संगणक साडेसहा तास वजा करतो.

दुसरा उपयोग जन्मपत्रिकेत होतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातली जन्मवेळ घड्याळाची असेल, तर जोतिषी तीतून एक तास वजा करतात. चोवीस तासांत बारा राशी पूर्व क्षितिजावर उगवतात, म्हणजे सरासरी दोन तासांना एक राशी. एका तासाच्या चुकीने लग्न, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, अर्ध्या राशीने सरकते आणि अनेकदा राशीच बदलते. चंद्र मात्र तासाभरात अर्धा अंशच चालतो. म्हणून जन्मनक्षत्र सहसा बदलत नाही.

हैदराबाद संस्थानातील नोंदींना आणखी एक पायरी लागते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संस्थानच्या दप्तरात फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने चालत. इसवी सनातून ५९० किंवा ५९१ वजा केल्यावर हा सन येतो, कारण तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. युद्धकालीन वेळ फसली १३५१ च्या अखेरीस सुरू झाली आणि १३५५ च्या आरंभी संपली. या सनांचा कागद हाती आला की आधी तारीख इसवीत आणायची, मग ती या काळात बसते का पाहायचे, आणि मग नोंद कोणत्या घड्याळाने झाली हे तपासायचे.

ही शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. रेल्वेच्या किंवा इस्पितळाच्या घड्याळावरून लिहिलेली वेळ एक गोष्ट आणि सुइणीने सांगितलेली वेळ दुसरी. त्या काळी खेड्यात बहुतेक बाळंतपणे घरीच होत, आणि ‘कोंबडं आरवताना’, ‘दिवस उगवताना’, ‘गुरं घरी येताना’ अशी जन्मवेळ सांगितली जाई. ही वेळ सूर्याची आहे. तीतून तास वजा केला, तर दुरुस्तीच चूक ठरते.

समजा, लातूरजवळच्या गावात जानेवारी १९४४ च्या मध्याला एक मूल जन्मले. कोणी युद्धकालीन घड्याळ पाहून ‘सकाळी आठ’ असे लिहून ठेवले आणि सुईण म्हणाली, ‘दिवस उगवताना’. दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या आहेत. आठातून एक तास वजा केला की प्रमाणवेळेचे सात येतात. त्यातून लातूरची २४ मिनिटे वजा केली की स्थानिक वेळेचे ६ वाजून ३६ मिनिटे येतात. जानेवारीत सूर्य क्षितिजावर असतो तो याच सुमारास. तास वजा करायचा राहिला, तर पत्रिकेतला सूर्य उगवून तासभर झालेला, म्हणजे कासराभर वर आलेला दिसेल.